जागा हक्काची नाही, कारण हक्काचे आहे

२२ नोव्हेंबर २०१८ रोजी अँटिग्वामधील नॉर्थ साउंडच्या मैदानावर महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला. भारतासमोर इंग्लंड होते. साखळीतले चारही सामने जिंकून भारत इथवर आला होता आणि त्यांपैकी पाकिस्तान व आयर्लंडविरुद्धच्या सामन्यांत मिताली राजने अर्धशतके केली होती. गुडघ्याच्या दुखापतीमुळे ती ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्यात नव्हती. तो सामना भारताने तिच्याशिवाय जिंकला. उपांत्य सामन्यापर्यंत ती तंदुरुस्त झाली होती, तरी तिला अंतिम अकरांत जागा मिळाली नाही. २ बाद ८९ अशा भक्कम स्थितीतून भारताचा डाव ११२ धावांत आटोपला आणि इंग्लंडने आठ गडी राखून सामना जिंकला. १९९९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, पहिल्याच एकदिवसीय सामन्यात शतक ठोकणारी आणि त्यानंतर जवळपास वीस वर्षे भारतीय महिला क्रिकेटचा कणा राहिलेली फलंदाज तो पराभव सीमारेषेबाहेर बसून पाहत होती. तिला बाहेर बसवणाऱ्यांत प्रमुख होते मुंबईचे माजी ऑफस्पिनर रमेश पोवार. प्रशिक्षक म्हणून संघाशी त्यांचा संबंध येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

पुढच्या आठवड्यात जे घडले ते पराभवापेक्षा जास्त नुकसान करणारे होते. मितालीने भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे मुख्य कार्यकारी अधिकारी राहुल जोहरी आणि सरव्यवस्थापक सबा करीम यांना पत्र लिहिले. पोवार आपल्याला टाळतात, आपण जवळ गेलो की निघून जातात, आपला अवमान करतात आणि मंडळाचा कारभार पाहणाऱ्या प्रशासक समितीच्या सदस्य डायना एडलजी पदाचा वापर आपल्याविरुद्ध करतात, असे तिचे म्हणणे होते. पत्र वृत्तपत्रांत पोहोचले. मग पोवार यांनी मंडळाला दिलेल्या अहवालातला मजकूरही बाहेर आला. सलामीला पाठवले नाही तर दौरा सोडून जाण्याची, निवृत्त होण्याची भाषा मितालीने केली, ती संघापासून अलिप्त राहते, स्वतःच्या विक्रमांसाठी खेळते, असे त्यात म्हटले होते. आपल्या देशनिष्ठेवरच संशय घेतला गेला, याचे अपार दुःख मितालीने जाहीरपणे व्यक्त केले. कर्णधार हरमनप्रीत कौर आणि उपकर्णधार स्मृती मानधना यांनी पोवारच प्रशिक्षक राहावेत अशी पत्रे मंडळाला दिली. ३० नोव्हेंबरला पोवार यांची मुदत संपली. प्रशासक समितीचे अध्यक्ष विनोद राय एका बाजूला आणि एडलजी दुसऱ्या बाजूला, अशी समितीतच फूट पडली. डिसेंबरमध्ये डब्ल्यू. व्ही. रामन यांची नेमणूक झाली आणि प्रकरण मिटले असे सर्वांनी मानले.

अशा भांडणांची आपल्याकडची मीमांसा ठरलेली आहे. ज्येष्ठ खेळाडूला मोठेपणाची सवय झाली, नव्या प्रशिक्षकाला अधिकार गाजवायचा होता, दोघांचे स्वभाव जुळले नाहीत, असे सांगून विषय संपवला जातो. ही मीमांसा सोयीची आहे, कारण तिच्यात संस्थेला कुठेच जाब द्यावा लागत नाही. स्वभाव न जुळणारी माणसे शाळेत, रुग्णालयात, कारखान्यात, नाटक कंपनीत एकत्र काम करतात आणि काम पार पाडतात. त्यांच्यात मतभेद असतात; पण ते कुठे मांडायचे, कोणी ऐकायचे आणि शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरलेले असते. जिथे हे ठरलेले नसते तिथे साधा मतभेदही अस्तित्वाची लढाई होतो. माझे म्हणणे असे आहे की संघातली जागा हा कोणत्याही खेळाडूचा हक्क नाही, त्याची कामगिरी कितीही थोर असो. मात्र ती जागा का गेली हे वेळेवर, समोरासमोर आणि खरेपणाने कळणे हा प्रत्येक खेळाडूचा हक्क आहे. या दोन गोष्टींची आपण सतत गल्लत करतो. खेळाडूचे चाहते कारणाच्या हक्काची मागणी करताना जागेचाच हक्क सांगू लागतात, आणि प्रशिक्षकाचे समर्थक जागेचा हक्क नाकारताना कारणाचाही हक्क नाकारून बसतात.

आधी प्रशिक्षकाची बाजू पाहू, कारण मितालीवर अन्याय झाला असे म्हणणाऱ्यांनी ती पुरेशी ऐकलेली नाही. टी-ट्वेंटी हा वेगाचा खेळ आहे. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी कारकिर्दीत मितालीने २,३६४ धावा केल्या. त्यांचा वेग शंभर चेंडूंमागे सुमारे ८४ धावांचा होता. पहिल्या सहा षटकांत क्षेत्ररक्षक आत असताना हा वेग अपुरा आहे असे प्रशिक्षकाला वाटले, तर ते मत चुकीचे असू शकेल, पण ते दुष्टपणाचे म्हणता येत नाही. त्यातच तिच्याविना संघाने ऑस्ट्रेलियासारख्या संघाला ४८ धावांनी हरवले होते. जिंकलेला संघ बदलू नये हा जुना आणि मान्य विचार आहे. शिवाय हा निर्णय एकट्या पोवार यांचा नव्हता. दौऱ्यावर अकरा जणी निवडताना कर्णधार, उपकर्णधार आणि निवड समितीचा प्रतिनिधी यांचाही वाटा असतो, आणि हरमनप्रीतने सामन्यानंतर त्या निर्णयाची जबाबदारी उघडपणे घेतली. संथ खेळपट्टीवर गडी पटापट पडत असताना टिकून खेळणारी मिताली हवी होती, हा आक्षेप सामना संपल्यावर पटतो. सामन्याआधी तो एक अंदाज होता, जसा उलट बाजूचाही अंदाजच होता. म्हणून निर्णयाची पारख निकालावरून करता येत नाही. भारत जिंकला असता तरी पद्धत चुकीचीच राहिली असती, आणि पद्धत योग्य असती तर पराभवानंतरही हे प्रकरण एवढे चिघळले नसते.

पद्धत कुठे चुकली? मितालीच्या पत्रानुसार आपण खेळणार नाही हे तिला नाणेफेकीच्या सुमारास कळले. पोवार यांच्या अहवालातले तिच्यावरचे आक्षेप स्पर्धेच्या सुरुवातीच्या दिवसांपासूनचे होते. दोन्ही कथनांत मतभेद पुष्कळ आहेत. पण एका गोष्टीवर ती नकळत एकमत होतात. फलंदाजीच्या क्रमांकावरून दोघांत पहिल्या सामन्यापासून तणाव होता, आणि तो मिटवण्यासाठी दोघांनी एकत्र बसून, तिसऱ्या जबाबदार व्यक्तीच्या साक्षीने, स्पष्ट बोलणे केल्याचा मागमूस या कागदांत नाही. धावगतीचा आक्षेप खेळाचा होता. त्यावर बोलता आले असते, आकडे समोर ठेवता आले असते, तिला मधल्या फळीतली भूमिका आधीच समजावता आली असती. तसे घडले नाही. आणि पराभवानंतर जेव्हा स्पष्टीकरण मागितले गेले तेव्हा धावगतीच्या जोडीला स्वभाव, वागणूक आणि निष्ठा यांवरचे आरोप आले. कारण वेळेवर दिले की ते खेळाविषयी असते. उशिरा दिलेले कारण माणसाविषयीचे होऊन बसते, कारण तोवर देणाऱ्याला स्वतःचा बचावही करायचा असतो. या प्रकरणातली खरी हानी इथे झाली.

हा प्रश्न क्रिकेटपेक्षा जुना आहे. दापोली तालुक्यातल्या मुरुड गावात लहानाचे मोठे झालेले समाजसुधारक धोंडो केशव कर्वे यांच्या आयुष्यातला एक प्रसंग बहुतेकांना शाळेतल्या धड्यांपासून ठाऊक आहे. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांबरोबर पाठीवर ओझे घेऊन, घाट चढून, शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला गेले. परीक्षेला किमान वयाची अट होती. वय भरत असूनही, दिसायला लहान एवढ्यावरून, तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना बसू दिले नाही. पुढे त्यांनी कोल्हापूर केंद्रातून ती परीक्षा दिली. हा प्रसंग आपण चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगतो आणि तेवढ्यावर थांबतो. त्यात अधिकाराविषयीचाही धडा आहे. वयाची अट घालण्याचा अधिकार सरकारला होता आणि त्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. अन्याय झाला तो नियमाच्या जागी नजर आल्यामुळे, आणि त्या नजरेविरुद्ध दाद मागायला तिथे कोणीच नसल्यामुळे. नाकारले जाण्याचे दुःख माणूस पचवतो. ज्या कसोटीवर नाकारले ती कसोटीच समोर न ठेवता नाकारले, तर ते दुःख अपमान होते. आणि कर्व्यांसारखा चिकाटीचा मुलगा दुसरे केंद्र गाठतो म्हणून पहिल्या केंद्रावरचा अन्याय क्षम्य ठरत नाही. किती मुले तिथूनच परत फिरली असतील, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

पुरुषांच्या क्रिकेटमधली दोन प्रकरणे याच दिशेने बोट दाखवतात. २००५ च्या सप्टेंबरमध्ये झिम्बाब्वेच्या दौऱ्यावर सौरव गांगुलीने बुलावायो कसोटीत शतक केले आणि प्रशिक्षकाने आपल्याला कर्णधारपद सोडण्यास सुचवले होते, हे पत्रकारांसमोर सांगून टाकले. नवे प्रशिक्षक ग्रेग चॅपेल यांनी मंडळाला पाठवलेला ई-मेल फुटला. गांगुली कर्णधारपदास मनाने आणि शरीराने योग्य राहिलेला नाही, असा त्याचा आशय होता. गांगुलीचे कर्णधारपद गेले, मग संघातली जागा गेली. डिसेंबर २००६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो परतला आणि धावा करून टिकला. २००७ च्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत बाद झाल्यावर चॅपेल यांनी पद सोडले. दुसरे प्रकरण अनिल कुंबळेचे. जून २०१६ मध्ये सचिन तेंडुलकर, गांगुली आणि व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांच्या सल्लागार समितीने त्याला प्रशिक्षक म्हणून निवडले. वर्षभरात संघाने कसोटी क्रिकेटमध्ये उत्तम कामगिरी केली. २० जून २०१७ रोजी, चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यानंतर दोन दिवसांनी, त्याने राजीनामा दिला. कर्णधार विराट कोहलीला आपल्या कार्यशैलीविषयी आक्षेप आहेत हे आपल्याला मंडळाकडून आदल्याच दिवशी पहिल्यांदा कळले, आणि कर्णधार व प्रशिक्षक यांच्या मर्यादा आपण नेहमीच पाळल्या, असे त्याने लिहिले.

कुंबळेचे हे निवेदन माझ्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, कारण इथे कारण न कळण्याची वेळ प्रशिक्षकावर आली. वर्षभर एका खोलीत बसून डावपेच आखणाऱ्या दोन माणसांतला दुरावा एकाला अखेरच्या दिवशी तिसऱ्याकडून कळतो. तेव्हा हक्क फक्त खेळाडूचा आहे असे म्हणणे अपुरे आहे. ज्याचे पद काढून घेतले जाणार आहे अशा प्रत्येकाचा तो हक्क आहे. आणि तीनही प्रकरणांत शेवटी कोण राहिले आणि कोण गेले हे पाहिले की मन अस्वस्थ होते. २००५ मध्ये मंडळ प्रशिक्षकाच्या पाठीशी होते म्हणून कर्णधार गेला. २०१७ मध्ये कर्णधार देशातला सर्वांत लोकप्रिय खेळाडू होता म्हणून प्रशिक्षक गेला. २०१८ मध्ये ज्येष्ठ खेळाडू एका बाजूला आणि कर्णधार-उपकर्णधार दुसऱ्या बाजूला होत्या. निकाल प्रशासक समितीतल्या दोन सदस्यांच्या ओढाताणीतून लागला. एकाही वेळी आक्षेप खरे की खोटे याची शांतपणे तपासणी करून, कारणे मांडून निर्णय लोकांसमोर आला नाही. ज्याचे पारडे त्या आठवड्यात जड, त्याची बाजू न्याय्य ठरली. इंग्लंडने तर ७ जानेवारी २००९ रोजी याचा टोकाचा नमुना दाखवला. कर्णधार केव्हिन पीटरसन आणि प्रशिक्षक पीटर मूर्स यांच्यातले मतभेद वृत्तपत्रांत आल्यावर एकाच दिवशी दोघांचीही पदे गेली. दोघांनाही घालवणे म्हणजे निवाडा करणे नव्हे. निवाडा करण्याची जबाबदारी टाळणे होय.

डिसेंबर २०१८ मध्ये एडलजी यांनी विनोद राय यांना लिहिलेल्या पत्रात एक प्रश्न विचारला होता. कोहलीच्या म्हणण्यावरून पुरुष संघाचा प्रशिक्षक बदलला जातो, तर हरमनप्रीत आणि स्मृती यांच्या म्हणण्यावरून महिला संघाचा प्रशिक्षक कायम का ठेवला जाऊ नये? मितालीच्या पत्रात ज्यांच्यावर थेट आरोप होते त्यांनी हा प्रश्न विचारावा हे योग्य नव्हते. तरीही प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर द्यायला हवे. माझे उत्तर असे की दोन्ही ठिकाणी प्रशिक्षक खेळाडूंच्या पसंतीने ठरू नये. २०१७ मध्ये जे चुकीचे घडले ते बायकांच्या वाट्यालाही यावे ही समतेची मागणी नव्हे. पण महिला क्रिकेटला जो धरसोडीचा अनुभव आला त्याकडे या प्रश्नाने लक्ष वेधले, ते योग्यच झाले. २०१७ च्या विश्वचषकाला काही आठवडे उरले असताना पूर्णिमा राव यांच्या जागी तुषार आरोठे आले. त्यांच्या हाताखाली संघ लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पुढच्याच वर्षी खेळाडूंच्या नाराजीनंतर आरोठे गेले. विश्वचषक तोंडावर असताना पोवार आले, तेही आधी हंगामी म्हणून. चार-चार महिन्यांच्या मुदतीवर आलेल्या प्रशिक्षकाने वीस वर्षे खेळलेल्या खेळाडूला तिची बदललेली भूमिका पटवावी, अशी अपेक्षा करणे त्या प्रशिक्षकावरही अन्याय आहे. त्याच्या मागे संस्था उभी नव्हती, म्हणून त्याला अधिकार आवाजातून दाखवावा लागला असेल. आणि तिच्यामागेही संस्था उभी नव्हती, म्हणून तिला पत्र लिहावे लागले.

स्वभावाची मीमांसा अपुरी आहे याचा पुरावा पुढे अडीच वर्षांनी मिळाला. रामन यांच्या काळात संघ ८ मार्च २०२० रोजी मेलबर्नच्या मैदानावर, ८६ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला. तरीही मे २०२१ मध्ये मदनलाल, आर. पी. सिंग आणि मुंबईची सुलक्षणा नाईक यांच्या समितीने पुन्हा पोवार यांची निवड केली. कसोटी आणि एकदिवसीय संघाची कर्णधार तेव्हा मिताली होती. पुन्हा भडका उडेल अशी सर्वांची खात्री होती. तो उडाला नाही. मागचे उगाळत बसता येत नाही, असे मितालीने सांगितले आणि दोघे कामाला लागले. त्या वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात तिने तिन्ही एकदिवसीय सामन्यांत अर्धशतके केली आणि शार्लट एडवर्ड्सला मागे टाकून महिलांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये सर्वाधिक धावा करणारी फलंदाज ठरली. सप्टेंबरमध्ये याच जोडीच्या संघाने ऑस्ट्रेलियाची सलग २६ एकदिवसीय विजयांची मालिका खंडित केली. २०२२ च्या विश्वचषकात संघ उपांत्य फेरी गाठू शकला नाही आणि त्या जूनमध्ये मिताली निवृत्त झाली, पण त्या अपयशाला दोघांचे भांडण कारण होते असे कोणी म्हटले नाही. माणसे तीच होती, स्वभाव तेच होते. बदलली होती ती भूमिकेची स्पष्टता. मितालीने टी-ट्वेंटीतून २०१९ मध्येच निवृत्ती घेतल्यामुळे वादाचा मूळ मुद्दा उरला नव्हता हे खरे. पण त्यातून माझेच म्हणणे सिद्ध होते. वाद एका विशिष्ट प्रकारातल्या विशिष्ट जागेचा होता, तो व्यक्तींचा नव्हता. मग तो २०१८ मध्येही तेवढ्यापुरता ठेवता आला असता.

यावर पहिला आक्षेप शिस्तीचा येईल. प्रत्येक निर्णयाची कारणे देत बसलो तर संघ चालणार कसा, आज एकीला कारण दिले तर उद्या पंधरा जणी वाद घालतील, असे म्हटले जाते. कारण देणे म्हणजे वादाला आमंत्रण नव्हे. कारण सांगितल्यावर निर्णय तोच राहतो. तो बदलण्याचा अधिकार खेळाडूला मिळत नाही. उलट ज्या प्रशिक्षकाचे कारण पक्के असते त्याला ते सांगण्याची भीती वाटत नाही, आणि सांगताना अडखळावे लागले तर त्यालाच आपला निर्णय पुन्हा तपासण्याची संधी मिळते. दुसरा आक्षेप वेळेचा आहे. स्पर्धेच्या धावपळीत दिवसाआड सामने असतात, मग अशा बैठका कधी घ्यायच्या? पण बाहेर बसणाऱ्या खेळाडू संघात चार-पाचच असतात. त्यांच्याशी पाच मिनिटे बोलायला वेळ नाही असे ज्याला वाटते, त्याला नंतर दहा पानी अहवाल लिहायला वेळ काढावा लागतो. तिसरा आक्षेप गोपनीयतेचा. लिहून ठेवलेले बाहेर फुटते, म्हणून काही लिहूच नये असे काहींचे मत आहे. अनुभव उलटा आहे. या प्रकरणांत फुटली ती भांडण पेटल्यानंतर रागाने लिहिलेली पत्रे. वेळच्या वेळी लिहिलेली साधी नोंद, की अमुक खेळाडूला अमुक दिवशी तिची भूमिका समजावली आणि तिने असे मत दिले, ही फुटली तरी कोणाचे नुकसान करत नाही. कोकणातल्या अनेक वाड्यांची मुंबईतली आणि गावातली मंडळे वार्षिक सभेचे इतिवृत्त लिहून ठेवतात, म्हणूनच पुढच्या वर्षी काय ठरले होते यावर भांडण न होता काम पुढे जाते. देशातल्या सर्वांत श्रीमंत क्रीडासंस्थेला हे अवघड नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळा आहे. भारतीय क्रिकेटला तारांकित खेळाडूंच्या मर्जीने ग्रासले आहे; अशा वेळी खेळाडूचे हक्क वाढवणे म्हणजे दुखण्याला खतपाणी घालणे नव्हे काय? जून २०१७ मध्ये प्रशासक समितीचा राजीनामा देताना रामचंद्र गुहा यांनी याच तारांकित संस्कृतीवर आणि कुंबळेला मिळालेल्या वागणुकीवर बोट ठेवले होते. २०२१ मध्ये पद गेल्यावर रामन यांनीही काही खेळाडूंच्या अशाच वृत्तीची तक्रार मंडळाच्या वरिष्ठांकडे केली. हे आक्षेप मला पूर्ण मान्य आहेत आणि त्यांचे उत्तर माझ्या मांडणीतच आहे. तारांकित खेळाडूची मर्जी तिथेच चालते जिथे नियम लिहिलेले नसतात. ज्याच्याकडे मंडळाच्या अधिकाऱ्यांचे फोन क्रमांक आहेत, ज्याच्या नाराजीची बातमी होते, त्याला लेखी पद्धतीची गरजच पडत नाही. त्याचे काम तसेही होते. लेखी पद्धतीची गरज असते ती पंधराव्या खेळाडूला, जिचे नाव कोणी छापणार नाही. मितालीकडे निदान नाव होते, म्हणून तिचे पत्र छापले गेले. तिच्या जागी दुसरा दौरा खेळणारी मुलगी असती तर ती मुकाट्याने घरी परतली असती आणि आपल्याला काही कळलेही नसते. म्हणून कारणाचा हक्क सर्वांना सारखा दिला की तो तारांकितांचा विशेषाधिकार राहत नाही.

वगळलेल्या खेळाडूचे दुःख पूर्ण टाळता येत नाही, पण ते कलहाकडे न्यावेच लागते असे नाही, हे २०२५ च्या विश्वचषकाने दाखवले. साखळीत दोन सलग पराभव झाल्यावर १९ ऑक्टोबरला इंदूरमध्ये इंग्लंडविरुद्ध भारताने एक जादा गोलंदाज खेळवला आणि त्यासाठी जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसावे लागले. तो सामनाही भारत चार धावांनी हरला. पुढच्या सामन्यात ती परतली, न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ धावा केल्या, आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७. त्या दिवसांतली चिंता, रडू, वगळले जाण्याचा घाव यांविषयी ती सामन्यानंतर मोकळेपणाने बोलली. कोणावर आरोप मात्र केला नाही. २ नोव्हेंबरला भारत विश्वविजेता झाला. प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार: नामवंत प्रशिक्षक आचरेकर सरांचे शिष्य, प्रथमश्रेणीत अकरा हजारांहून अधिक धावा करूनही भारतासाठी एकदाही न निवडले गेलेले. जेमिमाचे वय, ज्येष्ठता आणि परिस्थिती मितालीहून वेगळी होती आणि दोन प्रसंगांची काटेकोर तुलना होणार नाही. तरी एक फरक ठळक आहे. जेमिमाला वगळण्याचे कारण संघाच्या रचनेत सर्वांना दिसत होते, आणि पराभवानंतरही ते कारण बदलले नाही. तिच्या निष्ठेविषयी, वागणुकीविषयी एक शब्द कोणी उच्चारला नाही. म्हणून परतण्याची वाट मोकळी राहिली. पोवार यांनीही २०१८ मध्ये जिंकलेला संघ कायम ठेवण्याचे कारण दिले होते. ते तेवढ्यावर थांबले असते तर मितालीच्याही परतीची वाट एवढी कडवट झाली नसती.

आता करायचे काय, हे सांगणे भाग आहे. मालिकेच्या किंवा स्पर्धेच्या आरंभी प्रत्येक खेळाडूला तिची अपेक्षित भूमिका लेखी द्यावी. ती बदलली तर बदलल्याच्या दिवशी सांगावे. वगळलेल्या खेळाडूला संघ जाहीर होण्याआधी प्रशिक्षक किंवा कर्णधाराने स्वतः भेटून खेळापुरते कारण सांगावे. तक्रार ऐकणारी व्यक्ती निर्णय घेणाऱ्यांपैकी किंवा ज्यांच्यावर आरोप आहे त्यांच्यापैकी नसावी. प्रशिक्षकाची मुदत निदान एका विश्वचषकापासून दुसऱ्यापर्यंत असावी आणि त्याच्याविषयीची नाराजी त्याला आधी कळावी, त्यावर उत्तर देण्याची संधी त्याला मिळावी. आणि खेळत्या खेळाडूंची स्वतःची संघटना असावी. इंग्लंडमध्ये ती १९६७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात १९९५ पासून. भारतात क्रिकेट प्रशासनातल्या सुधारणांसाठी नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये जी संघटना उभी राहिली ती निवृत्त खेळाडूंची आहे. ज्यांच्यावर निर्णय आज होतात त्यांना सामुदायिक आवाज नाही, म्हणून प्रत्येकीला एकटीने पत्र लिहावे लागते, आणि एकटीचे पत्र नेहमीच वैयक्तिक भांडण वाटते.

ही मागणी मोठ्या मैदानापुरती नाही. मुरुड-दापोलीच्या किनाऱ्यावर टेनिस चेंडूने खेळणारी मुलगी पुढे जायचे म्हणते तेव्हा तिला जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी रत्नागिरी गाठावी लागते, तिथून पुण्याला जाणाऱ्या यादीत नाव यावे लागते. त्या प्रवासात बहुतेकींची नावे गळणारच. जागा थोड्या असतात. पण तुझी फलंदाजी चांगली आहे, क्षेत्ररक्षण कमी पडले, पुढच्या वर्षी यावर काम करून ये, एवढे जर तिला कोणी सांगितले तर ती पुढच्या वर्षी येते. काहीच सांगितले नाही तर घरातले म्हणतात की तिथे ओळख लागते, आणि तिचे खेळणे थांबते. खेळाडूंना घडवण्याची भाषा बोलणाऱ्या संस्थांनी आधी एवढे करावे. ज्या संस्था खालच्या पातळीवर कारण द्यायला शिकतात त्यांच्याच राष्ट्रीय संघात ज्येष्ठ खेळाडू आणि नवा प्रशिक्षक मतभेद ठेवूनही एकत्र काम करू शकतात. मिताली राजला त्या दिवशी जागा द्यायलाच हवी होती असे मी म्हणत नाही. तिला कारण द्यायलाच हवे होते, आणि ते नीट देता येईल असे पद, मुदत आणि आधार रमेश पोवार यांनाही द्यायला हवे होते. ते देणे संस्थेचे काम होते. संस्थेने ते केले नाही, आणि तिला त्याचा जाब अजून कोणी विचारलेला नाही.